तुटक रेषेतलं मांजर

माझ्या नवऱ्याने बालवर्गात पहिल्यांदा मांजर शिकवायला घेतलं, तेव्हा अर्धा तास उलटून गेला तरी फळ्यावर मांजराचा पत्ता नव्हता. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ होती, तिला छेदणारी एक आडवी रेघ होती, आणि हे हात मागे बांधून त्या दोन रेघांकडे असे बघत होते की जणू मांजर आता आपल्या पायांनी चालत येऊन तिथे बसणार आहे. समोर चटईवर चार-पाच वर्षांची पोरं. एकाने चटईचा धागा ओढून ओढून बोटाला गुंडाळला होता, दोघींनी एकमेकींचे बूट घालून पाहिले होते, आणि एक जण सरळ आडवा होऊन झोपला होता. शेवटी एकाने विचारलं, "आजोबा, मांजर कधी येणार?" त्यावर ह्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की आधी मध्यरेषा आणि मग मांजर, कारण मध्यरेषा चुकली की पुढचं सगळं चुकतं. मी शेजारच्या वर्गाच्या दारातून हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

बोलून चालून ड्राफ्ट्समन. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ह्यांचा उभा जन्म गेला. पंप बाहेरून कसा दिसतो ते कुणीही सांगेल. पण आत कुठली नळी कुठल्या भोकात जाते, कुठला स्क्रू कुठवर शिरतो, ते कागदावर काढून देणं हे ह्यांचं काम. समोरून कसा, बाजूने कसा, वरून कसा. लग्न नवं होतं तेव्हा मी एकदा लाडात येऊन म्हटलं, माझं एक चित्र काढा ना. ह्यांनी बिचाऱ्यांनी लगेच काढलं. एक समोरून, एक बाजूने, आणि बाजूच्या चित्रात नाकाची लांबी बाण दाखवून लिहिली. मी तो कागद टरकन फाडला. माप बरोबर होतं, राग त्याचाच आला होता.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आले. ह्यांनी काही वर्षं त्यावरही काम केलं, पण मनातून त्या यंत्राशी अबोला धरला तो धरलाच. निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ घेतात, शाल घेतात. ह्यांनी आपला जुना ड्रॉइंग बोर्ड मागून घेतला. दाराएवढा तो बोर्ड टेम्पोतून घरी आला, कुठल्याही खोलीत मावेना, म्हणून बाल्कनीला लागून आडवा टाकला. आता मी त्यावर कपड्यांना इस्त्री करते. ह्यांना ते आवडत नाही हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे ह्यांना माहीत आहे, पण शर्ट ह्यांचेच असतात त्यामुळे बोलायची सोय नाही.

निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने ह्यांनी माझ्या स्वयंपाकघराला वाहून घेतलं. सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. दिसायला शाळेतल्या प्रार्थनेची रांग, पण मिठाचा हात साखरेत पडायला लागला. एकदा खारट चहा पाहुण्यांसमोर गेला तेव्हा माझा संयम सुटला आणि मी नको नको ते बोलले. त्या दिवसापासून ह्यांनी डब्यांना हात लावला नाही. कशालाच लावला नाही. बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचे, समोरच्या इमारतीच्या पाइपांकडे बघत. दाढी एक दिवसाआड झाली, मग दोन दिवसांआड. मी तोंडाची फटकळ आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, पण तेव्हा मी खरंच घाबरले होते. जेवायला हाक मारली की हे म्हणायचे, "तू जेव, मी काय, बसूनच आहे." हे असं म्हणणाऱ्या माणसाला भांडून उठवता येत नाही. उठायला त्याला काही तरी काम लागतं.

मी ज्या बालवर्गात शिकवते तो एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे. तीन खोल्या, एक गच्ची, आणि दिवसभर खालून येणारा इस्त्रीच्या वाफेचा वास. तिथल्या चित्रकलेच्या बाईंनी गाव बदललं आणि जागा रिकामी झाली. आमच्या मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मालकीणबाई आणि मुख्याध्यापिका, दोन्ही त्याच. शिस्तीच्या पक्क्या. त्यांच्या ओठांची रेघ पाहिली की मला नेहमी वाटतं, ही आमच्या ह्यांनीच पट्टी ठेवून मारली असावी. पंधरा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही, आणि विनोद मी काही कमी करत नाही. मी धीर करून ह्यांचं नाव सुचवलं. त्यांनी विचारलं, मुलांना शिकवलंय का कधी? मी म्हटलं, नाही, पण चित्रं आयुष्यभर काढलीत. कसली, ते सांगायचं मी टाळलं. मोठ्या बाई म्हणाल्या, दर गुरुवारी एक तास येऊ देत, सत्र संपेपर्यंत बघू, जमलं तर ठेवू, नाही तर दुसरं कुणी बघू.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, मला कुठे येतंय लहान मुलांचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी झालेली होती. तेवढ्यावरूनच मी काय ते समजले.

तर पहिल्या गुरुवारी मध्यरेषेवर तास संपला. घरी आल्यावर मी ह्यांची शिकवणी घेतली. म्हटलं, अहो, एक मोठा गोल, वर एक छोटा गोल, दोन त्रिकोणी कान, मिशा, शेपूट, झालं मांजर. कार्टूनचं मांजर आहे, त्याला कुणी पाण्यात बसवणार नाहीये. ह्यांनी काढलं. कर्कटक घेऊन काढलं. गोल अगदी गोल, कान अगदी सारखे, मिशा समांतर, आणि शेपूट काटकोनात. मी विचारलं, "हे मांजर तासाला किती पाणी उपसतं?" आणि एवढी हसले, एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांनी तो कागद उलटा ठेवला आणि रुसले. मग थोड्या वेळाने हळूच येऊन विचारलं, की मांजर हसतंय असं दाखवायचं तर तोंड कसं काढतात. मी म्हटलं, आधी तुम्ही हसा, मग मी बघून सांगते. नाही हसले. पण त्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या प्रत्येक पानाच्या कडेला मांजरं आली. किराणा मालाच्या जाहिरातीत मांजर, निधनवार्तांच्या बाजूला मांजर. शब्दकोड्याच्या चौकोनांतही एक होतं, आणि तिथे ते पहिल्यांदा थोडंसं हसत होतं.

दुसऱ्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात गेले तर सगळे डबे उघडे. एकाही डब्यावर झाकण नाही. ह्यांनी सगळी झाकणं पिशवीत भरून शाळेत नेली होती. मी तणतणत शाळेत गेले आणि दारातच थांबले. प्रत्येक पोराच्या हातात एक मोठं आणि एक छोटं झाकण, आणि सगळी पोरं जीभ बाहेर काढून झाकणाभोवती पेन्सिल फिरवत होती. मोठं झाकण म्हणजे पोट, छोटं म्हणजे डोकं. कर्कटकाचं टोक लहान मुलांच्या हातात द्यायचं नाही, म्हणून ह्यांनी ही युक्ती काढली होती. माझा राग अर्धा तिथेच गेला. उरलेला मी साखरेला मुंग्या लागल्या तेव्हासाठी राखून ठेवला.

मुंग्यांवरून आठवलं. वर्गात एक मुलगी होती, तिला आम्ही सगळे मुंगीच म्हणायचो. एवढीशी, आणि सतत काही तरी उचलून कुठे तरी नेत असायची. ह्यांनी त्या दिवशी मांजर बाजूने काढलं होतं, त्यामुळे त्याला पुढे एक पाय आणि मागे एक पाय. मुंगी उठून फळ्यापाशी आली आणि तिने विचारलं, की बाकीचे दोन पाय कुठे गेले. दुसरी कुठली बाई असती तर म्हणाली असती, बस जागेवर, असंच असतं. ह्यांचा चेहरा मात्र असा उजळला, जणू एवढ्या वर्षांत कारखान्यात हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी सांगितलं, की ते दोन पाय ह्या पायांच्या मागे आहेत. आहेत, पण दिसत नाहीत. मग जे आहे पण दिसत नाही, ते कसं दाखवायचं? तुटक रेषेने. आणि खडूने टुक, टुक, टुक करत त्यांनी मागचे दोन पाय काढले. पंपाच्या आतली नळी अशीच दाखवतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण मांजराचे पाय असे पाहिले ते त्या दिवशी.

पोरं पेटलीच. एकाने विचारलं, मांजराने मासा खाल्ला असेल तर? तर तो पोटात तुटक रेषेत. दूध प्यायलं असेल तर? तुटक रेषेत. मांजराने चुकून माझं खोडरबर गिळलं असेल तर? ह्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, की खोडरबरही तुटक रेषेत. वर्गभर पेन्सिलींचा टुक टुक आवाज सुरू झाला, खाली लाँड्रीवाला वर बघायला लागला. एरवी मांजर म्हटलं की दोन मिनिटांत काढून मोकळी होणारी मुलं त्या दिवशी तास संपला तरी उठेनात. एकेका मांजराच्या पोटात अख्खं घर होतं.

त्या दिवसापासून हे पट्टीआजोबा झाले, कारण पट्टी काही हातातून सुटली नाही. जित्याची खोड, ती कुठे जाते. पण बाकी माणूस बदलला. बुधवारी रात्रीच शर्टाला इस्त्री व्हायला लागली, त्या बोर्डावर, आणि ती हे स्वतः करायचे. हत्ती आला, कासव आलं, कांगारू आलं. कांगारूच्या पिशवीत तुटक रेषेतलं पिल्लू बघून मुलांनी टाळ्या वाजवल्या, ते घरी येऊन मला तीनदा सांगितलं. जेवायला हाक मारायच्या आधीच ताट घेऊन बसायला लागले. मी मनातल्या मनात सत्र संपायची वाट बघत होते. एवढं नीट पार पडू दे, मोठ्या बाईंनी होकार देऊ दे, मला दुसरं काही नको होतं.

पण आम्हा दोघांच्याही एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. मुलं शाळेत शिकतात ते घरी घेऊन जातात. आणि घरात जे आहे पण दिसत नाही, असं बरंच काही असतं.

सुरुवातीला सगळे हसले. कुणी पलंगाखालची तुटक चप्पल काढली, कुणी आजीच्या पेल्यातले तुटक दात. मग बेकरीवाल्याच्या मुलाने बाबांचं चित्र काढलं. छान जमलं होतं, पांढरा एप्रन, हातात पाव, आणि एप्रनच्या आतल्या खिशात तुटक रेषेत सिगारेटचं पाकीट. बेकरीवाल्याने बायकोला शपथ घेऊन सांगितलं होतं, की सोडली म्हणून. गुरुवारी बायको शाळेत येऊन ह्यांचे आभार मानून गेली. बेकरीवाला आला नाही, पण आठवडाभर आम्हाला कालचाच पाव मिळाला. मी हे सगळं हसून हसून सगळ्यांना सांगितलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि इथे पोरं एकेक मूठ उघडत सुटली होती.

पुढच्या आठवड्यात मुंगीने घरी आईचं चित्र काढलं. आई दवाखान्यात नर्स आहे. चित्रात डोक्यावर टोपी, हातात इंजेक्शन, आणि पोटात, कांगारूसारखं, तुटक रेषेत एक बाळ. आई-बाबांचं बोलणं पडद्याआडून तिच्या कानावर गेलं होतं. मुंगीने ते चित्र उचलून थेट आजीकडे नेलं. आजीने चष्मा लावून बघितलं, आणि संध्याकाळपर्यंत चाळीसभर नातेवाइकांचे फोन आले.

मुंगीची आई दुसऱ्या दिवशी, नेमकी गुरुवारी, शाळेत आली ती रडत आली की भांडत आली, सांगता येणार नाही. दोन्ही एकदम चाललं होतं. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आधी एकदा असंच सगळ्यांना सांगून झालं होतं आणि मग काही उरलं नव्हतं, तेव्हा ज्याला त्याला उत्तरं देताना तिचे नाकी नऊ आले होते. म्हणून ह्या वेळी नीट खात्री होईपर्यंत पोटातली गोष्ट पोटातच ठेवायची, असं नवरा-बायकोने ठरवलं होतं. ती मोठ्या बाईंना म्हणाली, तुम्ही मुलांना चित्रकला शिकवता की दुसऱ्यांच्या घरात डोकावणं शिकवता? मी कुणालाही उत्तर देऊ शकते, पण ती चुकत नव्हती.

हे पिशवी खाली ठेवून पुढे झाले. एरवी बोलायला चार वेळा विचार करणारा माणूस, पण सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी आयुष्यभर पंप काढले. पंपाला कुणापासून काही लपवायचं नसतं. माणसांना असतं, ते माझ्या लक्षातच आलं नाही."

ती नाक पुसून निघून गेली. मोठ्या बाई म्हणाल्या, की आता हे थांबवलेलं बरं. आवाज चढवला नाही, ओठांची रेघ इकडची तिकडे झाली नाही. ह्यांनी मान हलवली, खडू फळ्याच्या कडेला नीट समांतर ठेवला आणि झाकणांची पिशवी उचलली. घरी आल्यावर एकेक झाकण ज्याचं त्याच्या डब्यावर बसवलं. एकही चुकलं नाही. मग बाल्कनीत जाऊन खुर्चीत बसले, पाइपांकडे तोंड करून.

मी खूप बडबड केली. म्हटलं, बरं झालं, सुटलात, माझ्या साखरेचे हाल थांबले. त्या आईची चूक नाही, तुमचीही नाही, मोठ्या बाईंचीच आहे, तुम्ही सांगाल तर मी नोकरी सोडते. हे म्हणाले, नको. गुरुवार आला, गेला. शर्ट तारेवर तसाच राहिला. मला त्या शर्टाकडे बघवेना, शेवटी मीच तो काढून घडी घालून ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. कशाला खोटं बोलू.

शाळेत चित्रकलेचा तास तात्पुरता माझ्याकडेच आला. छापील मांजरं आणली, मुलांनी ती रंगवायची. रेघेबाहेर रंग गेला नाही की शाब्बास. पाच मिनिटांत सगळ्यांची मांजरं तयार व्हायची आणि उरलेला वेळ मारामाऱ्या. मुंगी मात्र रंगवायची नाही. खडू हातात धरून बसायची. तिला घरी सांगितलं होतं, की तसली रेघ पुन्हा काढायची नाही, आणि तिने बहुतेक असं मनावर घेतलं होतं की आपण काही काढलं म्हणूनच पट्टीआजोबा गेले. मला ते दिसत होतं.

एका गुरुवारी मी छापील मांजरं वाटलीच नाहीत. कंटाळा आला होता. कोरे कागद दिले आणि म्हटलं, आपला वर्ग काढा. मुलं लागली कामाला. मुंगी बराच वेळ तशीच बसली, मग तिने माझ्याकडे एकदा बघितलं, कागदावर हाताचा आडोसा केला आणि वाकली. थोड्या वेळाने मला अगदी हळू आवाज ऐकू आला. टुक, टुक, टुक.

नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई फेरीवर आल्या. त्या मुंगीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मीही पुढे झाले. कागदावर आमचा वर्ग होता. चटई होती, चटईवर मुलं होती, खिडकीत मी होते, माझं तोंड उघडं होतं, ते असणारच. दारात मोठ्या बाई होत्या. उंच, चष्मा, आणि ओठांच्या जागी एक सरळ आडवी रेघ. पण त्या रेघेखाली, दोन्ही टोकांना वर वळलेली, अगदी बारीक अशी आणखी एक रेघ होती. तुटक.

मोठ्या बाईंनी त्यावर बोट ठेवून विचारलं, की हे काय आहे. मुंगीने कागद पोटाशी ओढला, पण सांगितलं.

"तुमचं हसू. दिसत नाही. पण आहे."

मग तिने आपणहून दुसरीकडे बोट नेलं. फळ्यापाशी एक उंच माणूस उभा होता, डोक्यापासून बुटापर्यंत तुटक रेषेत, हातातली पट्टीसुद्धा तुटक. "हे पट्टीआजोबा," ती म्हणाली, आणि एवढंच. दुसरं काही सांगायची गरजच नव्हती. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता कागद घेऊन जाणार, तर त्या रिकाम्या हातांनीच निघून गेल्या. मी ते चित्र भिंतीवर मुलांच्या उंचीला टाचून ठेवलं. म्हटलं, काढायचं असेल तर काढा म्हणावं, मी नाही काढणार.

त्यांनी काढलं नाही. त्यांनी मुंगीच्या आईला फोन केला. हे मला त्या आईकडूनच कळलं, मुलीला न्यायला आली होती तेव्हा. तिची तब्येत चांगली होती, चेहरा भरला होता. म्हणाली, त्या दिवशी मी फार बोलले, पण राग खराच होता. मग म्हणाली, की आता सगळ्यांना कळलंच आहे तर सासूबाई मला साधी बादली उचलू देत नाहीत, रात्रपाळीसुद्धा त्यांनीच भांडून बंद करवली. आजोबांना येऊ दे, माझी काही हरकत नाही, असं मी बाईंना सांगितलं. मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. मारलीच.

मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावून निरोप दिला, की पुढच्या गुरुवारपासून ह्यांनी यावं, सत्र संपल्यावरही येत राहावं, अट एकच. तुटक रेषा फक्त जनावरांच्या पोटात. माणसांच्या नाही. मी होय म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यातच दोन पायऱ्या एकदम उतरले, ह्या वयात.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. चित्राचंही सांगितलं. कसे उभे आहेत, पट्टी कशी आहे, सगळं तुटक रेषेत आहे. हे ऐकत राहिले, समोरच्या पाइपांकडे बघत. मग विचारलं, "तुकडे सारख्या लांबीचे आहेत का?"

मी म्हटलं, तुम्ही जाऊनच मोजा. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. नाक शिंकरल्याचा आवाज आला, पण मी विचारायला गेले नाही. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं असेल ते माझं मलाच माहीत.

गुरुवारी हे शर्ट, दाढी, झाकणं, पट्टी, सगळं घेऊन वर्गात शिरले. पोरांनी एकच गलका केला, बेकरीवाल्याचा मुलगा पायालाच लटकला. माझं लक्ष मुंगीकडे होतं. ती नाचली नाही, ओरडली नाही. पेन्सिल उचलून सरळ भिंतीवरच्या चित्रापाशी गेली. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. मुंगीने आधी पेन्सिल त्यांच्या चित्रातल्या ओठांपाशी नेली, मागे वळून त्यांचा खरा चेहरा नीट न्याहाळला, आणि मान हलवली. म्हणाली, अजून नाही दिसत. मी पदराआड हसू दाबलं. मोठ्या बाई चटकन खिडकीबाहेर काही तरी बघायला लागल्या.

मग मुंगी फळ्यापाशी उभ्या असलेल्या त्या माणसाकडे वळली. जीभ बाहेर काढून, एकेक तुकडा दुसऱ्याला जोडत, तिने बुटापासून सुरुवात केली. पाय जोडले, हात जोडले, पट्टी जोडली. हे मागे उभे राहून बघत होते. डोक्यापाशी पोचता पोचता तिचा हात दमला आणि रेघ पार वाकडी होऊन कानाच्या बाहेर गेली. दुसऱ्याची वाकडी रेघ दिसली की ह्यांचा हात आपोआप खोडरबराकडे जातो, मी आयुष्यभर पाहत आलेय. त्या दिवशीही हात खिशात गेला, पण बाहेर आला तो रुमाल घेऊन.

"आता दिसतात," मुंगी म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.